फोटोतली टोपली आणि जुलैतली टोपली

ताई, नमस्कार.

मी गोव्यात पर्वरीला राहते. तीन वर्षांपूर्वी सत्तरी तालुक्यातल्या एका जोडप्याच्या मळ्यातून सेंद्रिय भाजीची टोपली घ्यायला सुरुवात केली. हंगामाचे पैसे आधी भरायचे आणि दर शनिवारी मळ्यात जे पिकेल ते घरी यायचं, असा व्यवहार. भाजी इतकी आवडली की टोपली भरलेली दिसली की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकायचा, हा माझा नेमच झाला. बघता बघता २२ घरं जोडली गेली. गेल्या वर्षी मळ्यातल्या वहिनी म्हणाल्या, "तुमच्यामुळे एवढी माणसं आली, तुमच्या टोपलीचे पैसे आम्ही घेणार नाही." मी नको नको म्हणत मान्य केलं. ग्रुपवर हे कुणालाच माहीत नाही.

यंदा पाऊस लागल्यापासून टोपली हलकी झाली. तांबडी भाजी, दोडकी, अळू, परत दोडकी. लोक कुरकुरू लागले. मग जुलैत दोन शनिवारी फ्लॉवर आला. एका शेजारणीने फोटो टाकून लिहिलं, "भर पावसात सत्तरीत फ्लॉवर? हा बेळगावचा आहे." त्या रात्री ग्रुपवर शंभरेक मेसेज पडले. "तुम्ही सांगितलंत म्हणून घेतलं," असं चौघींनी मला लिहिलं. मी मळ्यात फोन केला तर वहिनी रडायलाच लागल्या. टोपली रिकामी दिसत होती म्हणून दोनदा बाजारातून आणून घातला, कुणाला सांगू नका, म्हणाल्या. त्यांची दोन मुलं शिकतायत. आगाऊ मिळालेले पैसे खत-बियाण्यात आणि मजुरीत गेलेत. सांगितलं तर त्यांचं बस्तान मोडेल, गप्प राहिले तर मी खोटी ठरेन. काय करू?

— पर्वरीची एक वाचक

*

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या रडणाऱ्या वहिनींपाशी थांबले. माझी आई म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भाजी विकायची. डिचोलीहून पहाटेच्या बसने जायची, पाटलीत, म्हणजे टोपलीत, केळीच्या सोपाने बांधलेल्या तांबड्या भाजीच्या जुड्या. पावसात अर्धी पाटली समोर ठेवून बसणं काय असतं, ते मी घरात पाहिलंय. तरीही उत्तर आधीच देते: लपवू नका. खरं काय ते ग्रुपवर यायलाच हवं. मात्र ते आधी कुणी सांगायचं आणि त्याच्यासोबत आणखी काय सांगायचं, यावर तो मळा टिकतो की मोडतो हे ठरेल.

त्या शेजारणीवर राग धरू नका, तिचं बरोबर आहे. फ्लॉवर हे आपल्याकडे थंडीचं पीक. वायंगणाच्या, म्हणजे हिवाळी पिकाच्या, दिवसांत मुळा, नवलकोल, अळसांदे (चवळी), वांगी, मिरची येते, तेव्हाच कोबी-फ्लॉवरचे गड्डे भरतात. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरच्या चार महिन्यांत, आणि सत्तरी तर घाटाच्या पायथ्याशी. त्या पाण्यात उघड्या मळ्यात गड्डा धरत नाही, धरलाच तर कुजतो. आपल्या ताटातली बरीचशी भाजी बेळगावकडून येते, चोर्ला घाटातून तिचे टेम्पो उतरताना आपण सगळ्यांनी पाहिलेत. गोव्यात वाढलेल्या बाईला जुलैतला पांढराशुभ्र, पानं छाटलेला फ्लॉवर खटकणारच. तिने डोळ्यांनी पाहिलं ते लिहिलं.

आता जे सांगते ते मनाला लागेल. तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मी बोट ठेवून बसले आहे: "टोपली भरलेली दिसली की फोटो टाकायचा." आणि नसली भरलेली, तेव्हा? ग्रुपमध्ये मागे जाऊन तुमचे सगळे फोटो काढून बघा. त्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारीच किती आणि जुलै-ऑगस्ट किती, ते मोजा. माझा अंदाज असा की पावसातला एकही निघणार नाही. तुम्ही खोटं काहीच लिहिलं नाहीत, प्रत्येक फोटो खरा होता. पण २२ घरांनी पैसे भरले ते थंडीतली टोपली बघून. त्यांना कुणी सांगितलंच नाही की जून उजाडला की याच मळ्यातून दोडकी, भेंडी, तवशी (काकडी), अळू आणि तांबडी भाजी एवढंच येणार, आणि मुसळधार लागली की तेही कमी.

आणि तुमचे फोटो वहिनींनीही पाहिले असणार. लोक कौतुक करतायत, नवीन घरं विचारतायत. ज्या टोपलीचं एवढं कौतुक झालं, तशीच ती दर शनिवारी दिसायला हवी, हे ओझं त्यांच्या डोक्यावर बसलं. मधोमध पांढरा गड्डा ठेवला की टोपली पुन्हा त्या फोटोसारखी दिसते. त्यांनी केलं ते चूकच. बाजारातली भाजी सेंद्रिय म्हणून दिली, ही फसवणूक आहे, दुसरा शब्द नाही. पण त्या चुकीकडे जाणारी वाट तुम्ही दोघींनी मिळून पाडली, असं मला वाटतं. म्हणून ती दुरुस्तही दोघींनी मिळून करायची.

हे मी बाहेरून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका घाण्याच्या खोबरेलाची मी ओळखीपाळखीत इतकी तारीफ केली की दहा-बारा घरांत तेच तेल जाऊ लागलं. एका डिसेंबरात पहाटे चांगला गारवा होता. खोबरेल अशा वेळी बाटलीत थिजतं, आई ते चुलीजवळ ठेवून पातळ करायची. माझी बाटली मी आडवी केली तर तेल सरळ वाहत आलं. शेजारी दुसऱ्या ठिकाणचं तेल होतं, ते दगड झालेलं. मला शंका आली आणि मी कुणालाच काही विचारलं नाही, त्या घाणेवाल्याला नाही की तेल घेणाऱ्या बायकांना नाही. आपणच सांगितलेलं आपणच कसं फिरवायचं, याची लाज वाटली. दोन महिन्यांनी त्या बायकांना आपापल्या परीने कळलंच. कुणी भांडलं नाही. पण आजही मी काही चांगलं म्हटलं की माझी भाची विचारते, "मावशी, तू स्वतः बघितलंस का?" तिचा तो प्रश्न मला अजून टोचतो. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून एवढं सविस्तर लिहिते आहे.

तुम्ही ज्या व्यवहारात आहात, तो काही नवा नाही. जपानमध्ये १९७० च्या दशकात शहरातल्या गृहिणींनी रासायनिक शेतीच्या धास्तीने शेतकऱ्यांशी थेट बांधून घेतलं, त्याला तिकडे 'तेइकेई' म्हणतात. अमेरिकेत १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायर राज्यांतल्या दोन शेतांवर हंगामाचे पैसे आधी भरून वाटा घ्यायची पद्धत सुरू झाली. सगळीकडे गाभा एकच: पीक भरभरून आलं तर सगळ्यांच्या घरी भरभरून, बुडालं तर तोटाही सगळ्यांनी वाटून घ्यायचा. आगाऊ पैसे त्यासाठी असतात. जुलैतली हलकी टोपली हा या व्यवहाराचा भाग आहे, तिची लाज कुणालाच वाटायचं कारण नाही. हे वहिनींना ठाऊक असेल, तुम्हालाही असेल. २२ घरांना ते पैसे भरताना सांगायला हवं होतं, तिथे चुकलं.

तर आता हे करा. येत्या शुक्रवारी टोपल्या भरायच्या आधी वहिनींना फोन करा. शक्य असेल तर तिकडे जाऊनच बोला, रडणाऱ्या माणसाशी फोनवर धड बोलता येत नाही. त्यांना सांगा, "वहिनी, मी हे लपवणार नाही. पण तुमच्या आधी बोलणारही नाही. तुम्हीच लिहा, मी बाजूला बसते." त्यांना लिहायचा संकोच असेल तर मेसेज असा चालेल:

"नमस्कार. ५ आणि १२ जुलैच्या टोपल्यांत जो फ्लॉवर होता तो आमच्या मळ्यातला नव्हता. पावसाने भाजी कमी पडली, टोपली रिकामी दिसेल म्हणून आम्ही बाजारातून आणून घातला आणि तुम्हाला सांगितलं नाही. ही आमची चूक आहे. बाकी सगळी भाजी आमच्या मळ्यातलीच होती. त्या दोन टोपल्या आम्ही हिशेबात धरणार नाही. यापुढे मळ्यात जे असेल तेवढंच येईल, कमी असेल तर आदल्या दिवशी कळवू. कुणाला थांबायचं असेल तर उरलेले पैसे परत करू."

यातलं "बाकी सगळी भाजी आमच्या मळ्यातलीच होती" हे वाक्य खरं असेल तरच ठेवायचं. ते लिहिण्यापूर्वी वहिनींना समोर बसवून एकदा नीट विचारा: फ्लॉवरखेरीज आणखी काही? गेल्या पावसात? आत्ता एकदाच सगळं बाहेर येऊ दे. महिन्याभराने दुसरं काही निघालं तर मग मी काय, कुणीच त्या मळ्यासाठी काही करू शकणार नाही. मेसेजमध्ये मुलांच्या शिक्षणाचा, कर्जाचा, आजारपणाचा विषय नको. त्या अडचणी खऱ्या आहेत, पण माफीच्या शेजारी लिहिल्या की वाचणाऱ्याला दबाव वाटतो.

शुक्रवार संध्याकाळपर्यंत त्यांनी नाहीच लिहिलं, तर तुम्ही लिहा. दोन ओळी पुरे: दोन आठवड्यांचा फ्लॉवर विकतचा होता, हे मला मळ्यातून कळलं आहे. त्यापलीकडे तर्क नको, त्यांच्या स्वभावावर टिप्पणी नको.

पैशांचं थोडं बोलते, कारण इथेच गोष्टी चिघळतात. फ्लॉवरपुरते पैसे वजा करण्याच्या भानगडीत पडू नका. कुणाच्या टोपलीत गड्डा लहान, कुणाच्या मोठा, त्यावर आठवडाभर वाद चालेल. दोन्ही टोपल्या पूर्ण सोडून द्यायच्या. समजा टोपली ६०० रुपयांची असेल, तर घरामागे १२०० आणि २२ घरांचे २६,४०० रुपये होतात. आगाऊ रक्कम मातीत गेल्यावर ही रक्कम रोख काढणं त्यांना जड जाणार. म्हणून घरांना दोन मार्ग द्या. ज्यांना रोख हवेत त्यांना दोन हप्त्यांत, तारखा लिहून. ज्यांना चालेल त्यांना जानेवारीत दोन टोपल्या जास्तीच्या, तेव्हा मळा ओसंडत असतो. बरीच घरं दुसरा मार्ग घेतील असं मला वाटतं, पण त्यांना तो घ्यायला लावू नका.

आणि तुमची फुकटची टोपली. तुम्ही ती पत्रात ओघात लिहिलीत, पण माझ्या मते तुमच्यासाठी तोच अवघड घास आहे. लालूच म्हणून घेतली नसेल, प्रेमाने दिलेलं नाकारता आलं नाही एवढंच असेल. तरी तिच्यानंतर जे कोणी तुमचा शब्द ऐकून आले, त्यांना वाटत होतं की ताई स्वतः पैसे मोजून घेतात आणि मगच सांगतात. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली. शिफारस करणाऱ्याचं विक्रेत्याशी काही देणंघेणं असेल तर ते उघड सांगावं, असं त्यात आहे. ते जाहिरातींसाठी आहे. सोसायटीच्या ग्रुपला कायदा लागतो का, हा कीस पाडायची गरज नाही, शेजारणी तुमच्याकडून अपेक्षा तीच करतात. वहिनींचा मेसेज गेला की त्याच दिवशी तुमचाही जाऊ दे: "गेल्या वर्षापासून माझ्या टोपलीचे पैसे मळ्याने घेतले नाहीत. मी हे आधी सांगायला हवं होतं. या आठवड्यापासून मी पैसे देणार आहे." मागचे पैसेही त्यांना देऊन टाका. या घडीला त्यांना त्यांचा उपयोगच होईल.

मग ग्रुपवर कुणीतरी सर्टिफिकेट मागेल, नक्की मागेल. त्याची माहिती तुमच्याजवळ असू दे. भारतात सेंद्रिय म्हणून विकायला प्रमाणपत्र लागतं, पण अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१७ च्या नियमांत स्वतः पिकवून थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला त्यातून सूट आहे, वार्षिक उलाढाल १२ लाखांपर्यंत. त्याला 'जैविक भारत' ही सेंद्रिय मालावरची सरकारी खूण मात्र लावता येत नाही. म्हणजे प्रमाणपत्र नसणं हा गुन्हा नाही. हवंच असेल तर सहभाग हमी पद्धत आहे, पीजीएस म्हणतात ती. किमान पाच शेतकऱ्यांचा गट होतो, ते एकमेकांच्या मळ्यात जाऊन पाहणी करतात आणि एकमेकांची हमी देतात. ऑर्गॅनिक फार्मिंग असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था कित्येक वर्षं म्हापशातून याच क्षेत्रात काम करते आहे, तिथे चौकशी करता येईल. सत्तरीत आणखी चार घरं अशी शेती करणारी सापडली तर वहिनींनी गटाचा विचार जरूर करावा. पण हेही खरं की शिक्का असता तरी तो फ्लॉवर टोपलीत येऊ शकला असता. शिक्का मळ्याला मिळतो, शुक्रवारी टोपली भरणारा हात आपल्यालाच ओळखावा लागतो.

म्हणून मळ्यात जा. एकट्या नको, त्या शेजारणीला मुद्दाम घेऊन जा. पावसातच जा, गमबूट घालून. थंडीत गेलात तर सगळंच सुंदर दिसेल आणि काहीच कळणार नाही. सातशिरी भेंडीच्या ओळी किती आहेत ते बघा. तुमच्यासकट २३ टोपल्यांत अर्धा अर्धा किलो भेंडी घालायची तर आठवड्याला साडेअकरा किलो निघायला हवी. एवढी निघते का, हे वहिनींनाच विचारा, त्या झाडाकडे बोट दाखवून सांगतील. दोडक्याच्या मांडवाखाली फळमाशीने डंख मारलेली, वाकडी झालेली फळं पडलेली दिसतील. जीवामृताचं पिंप उघडून वास घ्या. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन चार दिवस आंबलं की वास कसा येतो ते एकदा कळलं की विसरत नाही. तांबड्या भाजीच्या पानाला भोकं असतील, ती बघून त्या शेजारणीने फोटो काढला तर काढू दे.

परत आल्यावर ग्रुपवर तोच फोटो टाका. हलकी टोपली, भोकांची पानं, तारीख घालून. खाली लिहा, "ही जुलैची टोपली. अशीच असते." पुढच्या वर्षी नवीन घर जोडायचं झालं तर त्यांना आधी हा फोटो दाखवा आणि मग जानेवारीतला. हे बघून जे येतील ते कुरकुरणार नाहीत. काही घरं आता सोडून जातील, जाऊ द्या. आठ गेली आणि चौदा राहिली तरी मळा चालेल. २२ घरं पोसायच्या नादात बाजारातून गड्डे आणावे लागण्यापेक्षा जुलै म्हणजे काय हे माहीत असलेली चौदा बरी. वहिनींनाही मग श्वास घेता येईल.

तक्रारीची एक रीत मात्र ग्रुपवर घालून घ्या. आईच्या वांग्यात अळी निघाली तर गिऱ्हाईक पुढच्या शुक्रवारी येऊन तोंडावर सांगायचं. आई वांगं हातात घ्यायची, देठाखालचं बारीक भोक दाखवायची, म्हणायची "हे माझ्या नजरेतून सुटलं बघ", आणि दोन वांगी जास्तीची घालायची. बोलणं दोघींत व्हायचं आणि संपायचंही. ग्रुपवर तेच भोक शेतकऱ्याला दिसायच्या आधी दोनशे माणसांना दिसतं, आणि त्याने काही म्हणायच्या आत निकाल लागलेला असतो. तेव्हा काही खटकलं की आधी मळ्यात फोन, एक दिवस वाट, आणि उत्तर पटलं नाही तर खुशाल ग्रुपवर. उत्तर पटलं तर तेही ग्रुपवर लिहायचं, हे विसरू नका. त्या शेजारणीला हे सांगताना आधी तिचे आभार माना. तिने फोटो टाकला नसता तर ऑगस्टमध्ये कोबी आला असता.

वहिनींना एक सुचवा. चवथीच्या आदल्या टोपलीत माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळा-भाज्यांच्या छतासाठी, जे काही मळ्याच्या बांधावर असेल, तवशी, चिबूड, कांगलांच्या रानफळांचा एखादा घोस, ते सगळं घालायला सांगा. पर्वरीच्या फ्लॅटमध्ये माटोळी बांधणाऱ्यांना या वस्तूंसाठी बाजारात किती धावावं लागतं, ते तुम्हाला माहीतच आहे. हे त्यांच्याकडे आहे, पावसातच आहे, आणि बेळगावहून आणावं लागत नाही.

पण ते नंतर. आधी शुक्रवारच्या आत तिकडे जाऊन या, आणि जाताना वर्षभराच्या टोपल्यांचे पैसे पाकिटात घालून घ्या.